चौथा गुरुवार

मडमनी पाटीवर खडूनं एक पक्षी काढला. जाड अंग, पंख्यासारखी उघडलेली शेपूट, गळ्याखाली काहीतरी लोंबतंय. बाबांनी पाटी हातात घेतली, जरा दूर धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हा त मोर होय."

"मोर नाही," मडम म्हणाल्या. "हा पक्षी आम्ही भाजून खातो."

"मोरालेबी खात होते लोकं. आता तो राष्ट्रीय पक्षी झाला. जेलात जाचं हाय का आपल्याले?"

मोराला तो मान १९६३ साली मिळाला होता आणि बाबांना असल्या गोष्टी पक्क्या ठाऊक असत. दवाखान्यात येणारा पेपर शिळा झाला की तो त्यांचा, आणि मग ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मडमनी पाटी पुसली. तो सोमवार होता. गुरुवारपर्यंत टर्की नावाचा पक्षी यवतमाळ जिल्ह्यात उगवणार नाही, हे त्यांना अकरा वर्षांत कळून चुकलं होतं. तरी दरवर्षी एकदा विचारून पाहायच्याच.

हे १९७२ च्या नोव्हेंबरातलं. दारव्ह्याच्या बाजूला एका मिशन दवाखान्याच्या आवारात आम्ही राहायचो. बाबा जीप चालवत, आई बंगल्यावर स्वयंपाकाला होती. मी एकोणीस वर्षांची, वॉर्डात पट्ट्या गुंडाळायच्या, थर्मामीटर झटकायचे, असली कामं करत नर्सिंगला नंबर लागायची वाट पाहत होते. डॉक्टरसाहेब आणि मडम अमेरिकेतले, कॅन्सास प्रांतातले. नावं लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. साहेब शेतकऱ्याचे, मडम शहरातल्या. मोठा मुलगा आणि मुलगी मसुरीच्या बोर्डिंगात शिकायची, थंडीच्या सुट्टीत घरी यायची, पण ती सुट्टी लागायची डिसेंबरात. म्हणजे हा सण नेहमी मुलांशिवायच.

सणाचं नाव थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा. आवारातले लोक म्हणत 'मडमचा सण'. नाताळ आमचा सगळ्यांचाच होता. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, रंगवायचो, गावभर गायला जायचो, करंज्या-अनारसे करायचो. हा मात्र त्या दोघांचा. त्या दिवशी दवाखाना चालू, शाळा चालू, शेतात वेचणी चालू. सगळं गाव कामात आणि एकाच घरात सण, हे किती ओकंबोकं वाटत असेल ते मला तेव्हा समजलं नाही. पुढं मुंबईला नोकरीत असताना पोळ्याच्या दिवशी ड्यूटी लागली, खिडकीतून खाली नुसत्या टॅक्स्या दिसत होत्या, तेव्हा समजलं.

दरवर्षी आईच हा स्वयंपाक करून द्यायची. मला कधी आत घेतलं नव्हतं. त्या वर्षी नेमकं त्याच आठवड्यात तिला मलेरियानं गाठलं. गोधडीतून हात बाहेर काढून तिनं माझ्याकडे बोट केलं आणि मडमना म्हणाली, "हिले घेऊन जा. हात चांगला हाय हिचा, तोंड तेवढं जास्त चालते."

*

अडचणी तीन होत्या. टर्की ही धरतच नाही.

पहिली म्हणजे पार्सल. मडमच्या आईकडून दरसाल एक खोकं यायचं. जहाजानं मुंबई, तिथं कस्टमवाले उघडून पाहणार, मग मूर्तिजापूर, आणि तिथून त्या छोट्या गाडीनं, जिला सगळे शकुंतला म्हणतात, आमच्या बाजूला. वाफेचं इंजिन, चढावर इतकी हळू की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढायचे. ते खोकं उन्हाळ्यात निघून अजून पोचलं नव्हतं. त्यात क्रॅनबेरी नावाच्या लाल आंबट फळाचा डबा असायचा. त्याच्या चटणीशिवाय हा सण म्हणजे तिळाशिवाय संक्रांत.

दुसरी, रॉकेल. बंगल्यात पत्र्याचा ओव्हन होता, दोन बत्त्यांच्या स्टोव्हवर ठेवायचा. त्या वर्षी रॉकेलला रांग, आणि दवाखान्यातले कंदील आधी.

तिसरी अडचण बोलून दाखवायची नव्हती. पाऊस दगा देऊन गेला होता. मराठवाड्यात आणि तिकडं घाटावर तर हाहाकारच होता, आमच्याकडे त्या मानानं बरं, पण कापूस गुडघ्याएवढाच राहिला, ज्वारी कणसात भरली नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातले, पुसदकडचे. लोक म्हणत आपल्या माणसाच्या राज्यात आपल्याच नशिबी खडी फोडणं. सकाळी बायका टोपली-फावडं घेऊन दुष्काळी कामावर जाताना बंगल्याच्या फाटकावरून जायच्या. अशा वर्षी पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण कसा करायचा? मडमनी मला तसं विचारलंसुद्धा, त्यांच्या त्या छापील मराठीत: "या वर्षी साजरा करणे योग्य होईल काय?"

मी काय सांगणार. मी म्हटलं, आईले विचारते.

आई म्हणाली, "सण का पीक पाहून येते? येते त येते."

*

मंगळवारी साहेब आईला पाहायला आमच्या खोलीवर आले. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. त्या वर्षी रेशनवर मिलो मिळायचा. ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगते: ज्वारीचाच भाऊ, पण लालसर, पिठाला चिकटपणा नाही, भाकर थापताना कडेनं फाटते आणि निवली की खापर. अमेरिकेतून जहाजं भरभरून आला होता. साहेबांनी परातीतलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला.

"हे कोठून आणले?"

"रेशनवर. तुमच्याच देशातलं हाय म्हणतेत."

"होय," ते म्हणाले. "आमच्याकडे हे पिकते." आणि पाटावर बसून त्यांनी एक भाकर मागून खाल्ली, मिरचीच्या ठेच्याशी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, घरची आठवण आली बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी मडम कोहळं चिरता चिरता सहज बोलून गेल्या की साहेबांचे वडील मिलो पेरतात, शेकडो एकर. मी म्हटलं, तुमच्याकडंबी भाकर करतेत का मग? त्या म्हणाल्या, "नाही, नाही. तो गायींसाठी असतो." आणि मग त्यांचा हात थांबला. चाकू कोहळ्यात तसाच.

मी काही बोलले नाही. रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "गाईले चालते त आपल्याले काऊन नाई चालणार? गाय का आपल्याहून कमी हाय?" पण त्यांनी त्या दिवशी दुसरी भाकर घेतली नाही, हेही मी पाहिलं.

*

क्रॅनबेरीचा प्रश्न आईनं सोडवला, तोही अंगात १०३ ताप असताना. "लाल पाह्यजे ना? आंबट पाह्यजे? मंग वावराच्या धुऱ्यावर अंबाडीचे बोंडं काय फक्त पाखरायसाठी हायेत?"

लाल अंबाडी आमच्याकडे कोणी मुद्दाम वावरभर पेरत नाही. कापसाच्या, ज्वारीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक-दोन ओळी टाकतात. पाला भाजीला, साल दोराला. दिवाळी झाली की फुलं गळून त्याखालची लाल जाड पाकळी फुगते, तेच बोंड. चिंच परवडत नसलेल्या घरात आंबटाला तेच. आणि पावसानं पाठ फिरवली तरी अंबाडी उभी राहते. त्या वर्षी सगळ्या करपलेल्या रानात हिरवं-लाल असं ते एकच दिसत होतं.

शेजारच्या वावरवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "वेच, पोरी. सरवाच हाय तो." बाबा जीपजवळून ओरडले, "नाव सार्थ केलं!" माझं नाव रूथ. ज्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलंय त्यांना कळेल. परमुलखात जाऊन दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर उरलेलं, वेचणारी ती रूथ. फरक एवढाच की मी माझ्याच मुलखात वेचत होते, परमुलखातली बाई बंगल्यात वाट पाहत होती.

ओटीभर बोंडं घेऊन आले तर मडम म्हणाल्या, "आपण याचा जाम करू."

मी चक्रावले. आमच्याकडे जाम म्हणजे पेरू. बोंडाचा पेरू कसा होईल? त्यांनी बरणी दाखवली तेव्हा उलगडा झाला. मग काम सोपं होतं. प्रत्येक बोंड देठाकडून चिरायचं, मधली बियांची हिरवी गोटी अंगठ्यानं बाहेर ढकलायची. शंभरेक केल्यावर नखं जांभळी. पाकळ्या थोड्या पाण्यात शिजत घातल्या, पाच मिनिटांत रक्तासारखा रंग उतरला. साखर रेशनची, मोजकी, म्हणून निम्मा गूळ घातला. गुळानं रंग जरा काळवंडला, पण घट्ट कसं झालं म्हणाल, तर ताटलीवर थेंब टाकला तो हललाच नाही. मडमनी बोट लावून चाखलं. मग परत एकदा. तिसऱ्या वेळी चमचा घेतला.

कोहळ्याची गंमत वेगळीच. मडम पुस्तकातलं मराठी बोलायच्या, भोपळा म्हणायच्या, आणि पहिल्या वर्षी बाजारातून बाबांनी त्यांना दुधी आणून दिला होता. आमच्या वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. त्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, आम्ही गूळ घालून तळतो, हे त्यांना चौथ्या वर्षी कळलं. त्या मात्र त्याचा पाय करत: मैद्याच्या पारीत शिजवलेलं कोहळं, अंडी, दूध, साखर घालून भाजायचं. त्यात घालायचा मसाला मागच्या पार्सलातला, छोट्या पत्र्याच्या डबीत, इंग्रजी अक्षरं. मी झाकण उघडून हुंगलं आणि हसायलाच लागले. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. आमच्या मसाल्याच्या डब्यातलंच सगळं! आमच्या बाजूचं सामान समुद्रापलीकडं गेलं, तिथं डबीत बसलं, आणि तिकीट लावून परत वऱ्हाडात आलं. डबी निम्मी रिकामी होती. उरलेला मसाला मी खलबत्त्यात कुटून दिला. मडम म्हणाल्या, हा जास्त तिखट वासाचा आहे. ताजा हाय म्हणून, मी म्हटलं.

पारीसाठी लोणी थंड लागतं हे मला नवीन. दिवसा मळली की लोणी वितळून पारी कडक होते. म्हणून गुरुवारी पहाटे साडेचारला मी बंगल्यावर हजर. नोव्हेंबरातली पहाट, माठातलं पाणी दातांना लागेल असं, आणि बोटांच्या फक्त टोकांनी पीठ चोळायचं, तळवा लावायचा नाही. तळवा गरम असतो. मला पोळ्यांची सवय, तळव्यानं रगडायची. दोनदा मडमनी माझं मनगट धरलं.

*

आता भाजणं. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण यात माझी अक्कल आहे.

रॉकेल नाही म्हटल्यावर मडम म्हणाल्या, कोंबड्यांचा रस्सा करू. मला ते बरं वाटलं नाही. सण आणि रस्सा? रस्सा काय पाहुणा आला की होतो. मी म्हटलं, मडम, रोडगे कसे भाजतो आम्ही? गोवऱ्यांच्या हारावर, म्हणजे निखाऱ्यांवर. गोवरीची आग दिसत नाही पण धरून राहते; वर राख ओढली की तीन-तीन तास आच तशीच. ज्या आचेत मुठीएवढा कणकेचा गोळा आतपर्यंत शिजतो त्यात कोंबडं काऊन नाही शिजणार?

पाच गावरान कोंबडे घेतले होते. ते बुधवारीच सोलून ठेवावे लागले, कारण सोलून देणारा माणूस गजानन महाराजांचा भक्त, गुरुवारी सुरीला हात लावायचा नाही. रात्रभर मीठ-मिरे-लोणी चोळून ओल्या फडक्यात, जाळीच्या कपाटात, मांजरापासून वाचवून. पोटात भरायला त्यांच्याकडे शिळ्या पावाचा चुरा घालतात. पाव यवतमाळहून आणायचा, तो राहून गेला. मग आदल्या दिवशीच्या रोडग्यांचा चुरा, कांदा, कोंबड्याची काळीज-पेटी बारीक करून, आणि त्यांच्याकडच्या सेज नावाच्या पाल्याऐवजी कुंडीतली पानओव्याची पानं. मडमनी वास घेतला, मान हलवली. म्हणजे बरोबर नव्हे, पण चालेल.

कुंभाराकडून तीन मोठी मडकी. तळाला पळसाची पानं, त्यावर कोंबडे, झाकणाच्या कडेला कणीक लावून तोंड बंद. बंगल्यामागं खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या, धूर संपून लाल झाल्यावर मडकी आत, वर पुन्हा गोवऱ्या, वर राख. कोहळ्याच्या पायासाठी दुसरी सोय: जर्मनच्या मोठ्या गंजात चार बोटं नदीची वाळू तापवली, त्यावर पायाची ताटली, वर परात उपडी आणि परातीवर निखारे. नानखटाई करणारे करतात तसं.

साडेअकराला खड्ड्यातून 'टक्' असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा. एक मडकं तडकलं होतं. राख सारून पाहिलं तर त्यातले दोन कोंबडे राखेत लोळलेले, एका बाजूनं कोळसा. मडमना सांगायचं धाडस होईना. बाबांनी काय केलं, ते दोन्ही काढले, जळकं खरवडलं, उरलेलं तोडून आमच्या चुलीवर चढवलं. म्हणजे शेवटी रस्सा झालाच. दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या लोकांनी तो खाल्ला आणि त्यांच्या मते सणाचा खरा पदार्थ तोच होता.

बाकीचे तीन मात्र असे निघाले! मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. रंग तेवढा फिका, कारण मडक्यात वाफ धरते. मडमना तपकिरी कातडी पाहिजे होती. तव्यावर लोणी टाकून वरून फिरवून घेतले. कोहळ्याचा पाय एका कडेनं जास्त लागला, मध्ये जरा खोलगट झाला. मी जीव मुठीत धरून उभी. मडम म्हणाल्या, "माझ्या आईचाही असाच होतो." खरं की खोटं देव जाणे.

*

जेवायला चौदा माणसं. यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतलं एक अमेरिकन जोडपं आलं होतं. ही सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी संस्था, तिथं १९५३ पासून होती, १९८३ ला पुण्याला गेली. त्यांच्याबरोबर नागालँडचा एक विद्यार्थी. त्याला मराठी येईना, हिंदी तुटकं, आणि इथलं तेल-तिखट सोसेना. आपल्याच देशात असून त्या टेबलावर सगळ्यात परका तोच, असं मला वाटून गेलं. त्यानं रताळी मात्र चार वेळा मागून घेतली. बाकी आमच्या चर्चचे पाळकसाहेब, त्यांच्या बाई, दवाखान्याची मंडळी, आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, म्हातारा नाईक, त्यांचा मुखिया. तो सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आला होता, सोबत टोपलीभर सीताफळं. साहेबांनी त्याला हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीवर मांडी घालून बसला.

ताटं मांडताना मी मोजली. सोळा.

"मडम, चौदा लोकं हायेत."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. दोन ताटं मसुरीची होती.

आता आमच्याकडे रिकामं पान मांडणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. ख्रिस्ती झालो म्हणून अंगातलं सगळं थोडंच जातं. गेलेल्या माणसाचं पान मांडतात. जिवंत, खेळत्या लेकरांचं नाही. माझ्या छातीत धस्स झालं. पण त्यांच्या पद्धतीत तसा अर्थ नसेल, सांगावं कसं? पाणी आणायच्या निमित्तानं मी बाहेर गेले. चौकीदाराचे दोन पोट्टे खड्ड्याजवळ राखेत काही सापडतंय का पाहत बसले होते. त्यांचे हात-तोंड धुतले, आत आणले आणि त्या दोन खुर्च्यांवर बसवले. मडमच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

त्या उठून आत गेल्या. दोन-तीन मिनिटं. सगळे गप्प. मग अंबाडीची बरणी घेऊन परत आल्या, ती आतच राहिली होती असं म्हणाल्या, आणि पहिला चमचा धाकट्या पोट्ट्याच्या ताटात वाढला. त्यानं तोंड आंबट केलं आणि अजून मागितला.

मग साहेबांनी गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगत तशी. १६२० साली एका जहाजातून १०२ माणसं अमेरिकेच्या किनाऱ्याला गेली. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी मेली. तिथल्या मूळच्या लोकांनी, वाम्पानोग त्यांचं नाव, मका कसा पेरायचा ते दाखवलं. दुसऱ्या वर्षी पीक आलं तेव्हा सरदार आपली नव्वद माणसं घेऊन आला, पाच हरणं मारून आणली, आणि तीन दिवस सगळ्यांनी मिळून खाल्लं. पुढं १८६३ मध्ये, घरातल्या घरात युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार आभाराचा म्हणून जाहीर केला. चौथा गुरुवार हा कायदा १९४१ चा. आमच्या त्या १९७२ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते, म्हणून त्यांनी ते मुद्दाम सांगितलं. सेमिनरीतल्या बाईंना वाटत होतं की सण पुढच्या आठवड्यात आहे.

पाळकसाहेब ही गोष्ट मराठीतून नाईकाला समजावत होते. हरणं आणली, नव्वद माणसं आली. नाईक मान डोलवत होता. हे त्याला ओळखीचं होतं. बाबा दाराशी उभे होते, ते कधी टेबलावर बसायचे नाहीत. तिथून म्हणाले, "मंग त्या लोकायचं काय झालं, साहेब?"

"कोणाचे?"

"हरणं आणली त्यायचं."

साहेबांनी काटा खाली ठेवला. इंग्रजीत काही बोलले असते तर बाबांना कळलं नसतं, आणि विषय संपला असता. ते मराठीत बोलले. "बरीच माणसे रोगांनी मेली. जमिनी गेल्या. तो सरदार वारला. १६७५ मध्ये त्याच्याच मुलाशी युद्ध झाले आणि ते लोक हरले."

बाबा म्हणाले, "हं." नाईकानं पाळकसाहेबांकडं पाहिलं, काय म्हणाले म्हणून. पाळकसाहेबांनी ते काही समजावलं नाही. नाईकानं सीताफळ फोडून शेजारच्या अमेरिकन बाईंच्या ताटात ठेवलं.

यानंतर त्यांची रीत अशी की प्रत्येकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते एकेक सांगायचं. ही रीत आमच्या लोकांना फार अवघड. देवाची उपकारस्तुती आम्ही रोज करतो, त्यात संकोच नाही. पण माणसांदेखत, जेवणाच्या पानावर? आम्ही घरात कोणाला धन्यवाद म्हणत नाही. आईला पाणी दिल्याबद्दल आभार मानले तर ती विचारील, बरं हाय ना तुले? कंपाउंडर उठले, घसा खाकरला, "मी सर्वांचा आभारी आहे" असं सभेत म्हणतात तसं म्हणून खाली बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थनाच केली, ती लांबली. नाईक म्हणाला, सुनेला मुलगी झाली, दोघी बऱ्या हायेत. तेवढंच.

आई गोधडी गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली होती, कोणी बोलावलं नसताना. मडमनी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले काय सांगाचं? पावसानं दगा देला. पण आवारातली विहीर आटली नाई. अन् या पोरीनं पाय जाळला नाई." सगळे हसले, मीही. तिला पायात काय घालतात ते ठाऊक होतं, आणि कडेनं लागलेलंही तिला दिसलं होतं.

मडमची पाळी आली तेव्हा त्या पुस्तकातलं मराठी विसरल्या. पोट्ट्यांकडं पाहून एवढंच म्हणाल्या, "ताट भरलं."

*

जानेवारीत पार्सल आलं. सुतळी सैल, कस्टमचे शिक्के, एक कोपरा चेपलेला. आत मोजे, मुलांची पुस्तकं, मसाल्याची नवी डबी, आणि क्रॅनबेरीचे दोन डबे. मुलं सुट्टीला आलेली होती, पण मडमना धीर नव्हता. त्यातला एक डबा घेऊन त्या सरळ आमच्या खोलीवर आल्या. मागं साहेब, मुलगा, मुलगी. आई चुलीशी होती. डबा फोडून ताटलीवर उपडा केला तर तो लाल गोळा डब्याच्या आकाराचाच बाहेर आला, पत्र्याच्या वळ्या अंगावर जशाच्या तशा उमटलेल्या. थरथरत उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडं पाहत बसलो.

खायचं कशाशी? घरात भाकरीच होत्या, मिलोच्या. आईनं तुकडे करून दिले.

बाबांनी एक घास खाल्ला, चघळला, वर पाहिलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पण अंबाडीची सर नाई."

मडमनी त्यांच्याकडं, मग ताटलीकडं पाहिलं आणि इंग्रजीत मुलांना काहीतरी म्हणाल्या. मुलगी हसली. साहेब काही न बोलता खात होते. त्यांची भाकर संपली तेव्हा त्यांनी ताट पुढं केलं, आणि आईनं तव्यावरची फुगलेली त्यांच्या ताटात टाकली.